योहानेस फेर्मीर

योहानेस फेर्मीर (बाप्तिस्मा: ३१ ऑक्टोबर १६३२, डेल्फ्ट, दफन: डिसेंबर १६७५, डेल्फ्ट) हे सतराव्या शतकातील डच चित्रकार होते. मराठीत त्यांचे आडनाव व्हर्मीर असेही लिहिले जाते. घराच्या चार भिंतींआड चालणारे रोजचे व्यवहार, विशेषतः स्त्रियांचे काम आणि कामामधले निवांत क्षण, हा त्यांच्या चित्रांचा प्रमुख विषय होय. सुमारे ३७ चित्रे आज त्यांच्या नावावर मानली जातात. संख्येने अल्प असलेल्या या चित्रांनी त्यांना जगातील अग्रगण्य चित्रकारांच्या पंक्तीत बसवले आहे.

फेर्मीर यांच्या काळात डच चित्रकलेत घरकामाला नैतिक अर्थ होता. स्वच्छ अंगण, घासलेली भांडी आणि हातातली सुई ही गृहिणीच्या सद्गुणांची खूण मानली जाई, तर झोपलेली मोलकरीण, सांडलेले दूध आणि मांजराने पळवलेले मांस ही घर बिघडल्याची खूण ठरे. फेर्मीर यांनी चित्रांची हीच भाषा आत्मसात केली, मात्र तिच्यातील उपदेशाचा भाग ते क्रमाने कमी करत गेले. त्यांच्या उत्तम चित्रांत शिकवण सांगणाऱ्या खुणा मागे सरतात आणि काम करणारी व्यक्ती तिच्या कामासह पुढे येते.

जन्म आणि बालपण

फेर्मीर यांचा जन्म नेदरलँड्समधील डेल्फ्ट या शहरात झाला. ३१ ऑक्टोबर १६३२ रोजी तेथील नव्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. वडील रेनिएर यान्सझोन यांनी तरुणपणी ॲमस्टरडॅममध्ये रेशमी कापड विणण्याचे काम शिकले होते. १६१५ साली त्यांनी डिग्ना बाल्टेन्स यांच्याशी विवाह केला. डेल्फ्टला आल्यावर त्यांनी सराई चालवली आणि १६३१ मध्ये सेंट ल्यूक या चित्रकार-कारागीर संघात चित्रविक्रेते म्हणून नाव नोंदवले. १६४१ मध्ये त्यांनी बाजारचौकातील ‘मेखेलेन’ ही मोठी सराई विकत घेतली. योहानेस हे या दांपत्याचे दुसरे अपत्य. थोरली बहीण गेर्ट्राउ त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी होती.

सराईत वाढलेल्या मुलाने घरकामाचा पसारा लहानपणापासून पाहिला असणार. पाहुण्यांची ऊठबस, स्वयंपाकघरातील धावपळ, धुणीभांडी आणि त्याच भिंतींवर विक्रीसाठी टांगलेली चित्रे, असे हे वातावरण होते. ऑक्टोबर १६५२ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि सराई व चित्रांचा व्यापार यांची जबाबदारी कुटुंबावर आली.

त्या काळातील डेल्फ्ट हे कालव्यांचे, विणकरांचे, मद्याच्या भट्ट्यांचे आणि निळ्या-पांढऱ्या झिलईदार मातकामाचे शहर होते. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा विभागांपैकी एक विभाग येथे होता. याच कंपनीची एक वखार कोकण किनाऱ्यावर वेंगुर्ले येथे होती. १२ ऑक्टोबर १६५४ रोजी शहरातील दारूगोळ्याच्या कोठाराचा प्रचंड स्फोट होऊन डेल्फ्टचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. प्रतिभावान चित्रकार कारेल फाब्रीत्सियुस त्यात मृत्युमुखी पडले. या संहारानंतरच्या काही वर्षांत डेल्फ्टच्या चित्रकारांनी शांत अंगणे आणि उजळलेल्या खोल्या रंगवल्या, ही गोष्ट लक्षणीय आहे.

विवाह आणि सासर

एप्रिल १६५३ मध्ये फेर्मीर यांचा विवाह काथारिना बोल्नेस यांच्याशी झाला. वधूपक्ष कॅथलिक होता, तर फेर्मीर यांचे घराणे प्रोटेस्टंट पंथाचे होते. वधूची आई मारिया थिन्स यांनी आरंभी संमतीपत्रावर स्वाक्षरी करण्यास नकार दिला, परंतु विवाहास अडथळा आणणार नाही असे मान्य केले. या बोलणीत ज्येष्ठ चित्रकार लेओनार्ट ब्रामर यांनी मध्यस्थी केली. विवाह डेल्फ्टजवळील स्खिपलाउडेन या खेड्यात पार पडला. फेर्मीर यांनी या सुमारास कॅथलिक पंथ स्वीकारला असे बहुतेक अभ्यासक मानतात.

मारिया थिन्स यांचे स्वतःचे वैवाहिक जीवन अत्यंत दुःखाचे होते. गाउडा येथील वीटभट्टीचा व्यावसायिक असलेला त्यांचा पती त्यांना मारहाण करी. १६४१ मध्ये कायदेशीररीत्या विभक्त होऊन त्या डेल्फ्टला आल्या. शहरातील कॅथलिक वस्तीत, आउडे लांगेनडाइक या रस्त्यावर, त्यांचे प्रशस्त घर होते. १६६० पूर्वीच फेर्मीर दांपत्य या घरात राहू लागले होते. घर सासूबाईंचे, उत्पन्नाचा मोठा वाटा सासूबाईंचा आणि कारभारही बव्हंशी त्यांचाच, अशी ही व्यवस्था होती.

या दांपत्याला १५ अपत्ये झाली. त्यांपैकी चार अगदी तान्हेपणी दगावली आणि अकरा वाढली. फेर्मीर यांच्या चित्रांत मात्र मुले जवळजवळ दिसतच नाहीत. पाळणे, दुपटी आणि रडणारी बाळे यांनी भरलेल्या घरात, वरच्या मजल्यावरील पुढच्या खोलीत, ते आपली निःशब्द चित्रे रंगवत होते.

२९ डिसेंबर १६५३ रोजी त्यांनी सेंट ल्यूक संघात प्रवेश घेतला. प्रवेशशुल्क सहा गिल्डर होते. त्यांनी त्या वेळी केवळ दीड गिल्डर भरले, उरलेली रक्कम फेडण्यास त्यांना १६५६ साल उजाडले. पुढे मात्र सहव्यावसायिकांनी त्यांना १६६२ आणि १६७० अशी दोनदा संघाच्या प्रमुखांमध्ये निवडले.

डच समाजातील घरकाम आणि नीती

स्पेनविरुद्धच्या दीर्घ युद्धातून उभ्या राहिलेल्या डच प्रजासत्ताकात घराला राज्याचे लहान रूप मानले जाई. घर नीट चालले तर समाज नीट चालतो, ही धारणा धर्मोपदेशक आणि लेखक यांच्याकडून सतत मांडली जात होती. कवी व राजकारणी याकोब काट्स यांचा विवाहविषयक पद्यग्रंथ १६२५ मध्ये प्रसिद्ध झाला. कुमारिका, प्रेयसी, वधू, गृहिणी, माता आणि विधवा या स्त्रीजीवनाच्या अवस्थांनुसार त्यात कर्तव्ये सांगितली होती. चित्र आणि पद्य यांची जोड असलेले प्रतीकग्रंथही घरोघरी वाचले जात. रुमर फिस्खर यांच्या १६१४ च्या प्रतीकग्रंथात पाय शेकण्याची साधी लाकडी शेगडीसुद्धा स्त्रियांच्या आवडीनिवडीचे प्रतीक म्हणून आली आहे.

चित्रकारांनी ही प्रतीके उचलली. झाडू म्हणजे घराची आणि मनाचीही स्वच्छता, सूतकताई व विणकाम म्हणजे उद्योगशीलता, कपड्यांनी भरलेले कपाट म्हणजे काटकसर आणि व्यवस्था, असे अर्थ प्रेक्षकांच्या परिचयाचे होते. पीटर द होख हे १६५० च्या दशकात डेल्फ्टमध्येच राहत होते. मुलाच्या केसांतील उवा काढणारी आई, अंगणात काम करणारी मोलकरीण आणि तिचा हात धरून उभे असलेले मूल अशी दृश्ये त्यांनी मोठ्या आत्मीयतेने रंगवली.

उलट बाजूही तितकीच लोकप्रिय होती. डॉर्ड्रेख्टचे निकोलास मास यांच्या १६५५ च्या चित्रात मोलकरीण डुलकी घेते आहे, घासायची भांडी जमिनीवर पसरली आहेत, मागे मांजर पक्षी पळवते आहे आणि घरधनीण प्रेक्षकाकडे पाहत हाताने हा सारा प्रकार दाखवते आहे. हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. यान स्टेन यांनी तर बेशिस्त घरांची इतकी चित्रे काढली, की अव्यवस्थित घराला यान स्टेनचे घर म्हणण्याचा वाक्प्रचार डच भाषेत रूढ झाला.

या चित्रांत दोषाचे माप बहुधा मोलकरणीच्या पदरी पडे. आळशी, चोरटी, पुरुषांच्या नादी लागणारी अशी तिची प्रतिमा नाटकांत आणि विनोदी साहित्यात ठरून गेली होती. घराचा सर्वांत जड भार उचलणारी व्यक्तीच घराच्या अब्रूला धोका मानली जात होती.

निजलेली मोलकरीण

फेर्मीर यांनी आरंभी बायबल आणि पुराणकथांवरील मोठी चित्रे काढली. घरगुती विषयाकडे ते १६५६-५७ च्या सुमारास वळले. या वळणावरचे चित्र म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील ‘निजलेली मोलकरीण’. गालिचा अंथरलेल्या मेजावर कोपर टेकून, गालाला हात लावून एक तरुणी डोळे मिटून बसली आहे. मेजावर फळे आणि मद्याचे पात्र आहे. मागे अर्धवट उघड्या दारातून रिकामी खोली दिसते.

१६९६ च्या लिलावात या चित्राची नोंद मद्यपान करून झोपलेली मोलकरीण अशीच झाली. म्हणजे तत्कालीन प्रेक्षकाने त्यात मास यांच्या चित्रासारखाच धडा वाचला. क्ष-किरण तपासणीत मात्र वेगळी हकीकत उघड झाली. फेर्मीर यांनी प्रथम दारात एक कुत्रा आणि मागील खोलीत एक पुरुष रंगवला होता, नंतर ही दोन्ही रूपे त्यांनी स्वतःच रंगाखाली झाकली. पुरुष राहिला असता तर चित्राची गोष्ट सरळ ठरली असती: पाहुणा येऊन गेला, मद्य झाले, काम राहिले. तो काढून टाकल्यावर उरली ती केवळ थकलेली किंवा विचारात हरवलेली स्त्री. तिचा पोशाखही मोलकरणीच्या मानाने चांगला आहे, त्यामुळे ती घरधनीण असावी असेही काहींनी सुचवले आहे. दोष दाखवणारे बोट फेर्मीर यांनी चित्रातून काढून घेतले, याचा हा पहिला ठळक पुरावा होय.

दूध ओतणारी स्त्री

१६५८ ते १६६० च्या सुमारास रंगवलेले ‘दूध ओतणारी स्त्री’ हे चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्याचा आकार अवघा ४५.५ × ४१ सेंटिमीटर आहे. साध्या खोलीत, खिडकीपाशी, एक धिप्पाड बांध्याची मोलकरीण मातीच्या भांड्यात दुधाची बारीक धार धरते आहे. मेजावर पाव आणि पावाचे तुकडे आहेत. शिळा पाव दुधात भिजवून खाद्यपदार्थ करण्याची ही तयारी असावी, असे एक मत आहे. तसे असल्यास अन्न वाया न घालवण्याचा गृहिणीधर्मही येथे सूचित होतो.

चित्रातील तपशील कामाशी इमान राखणारे आहेत. बाह्या वर सारलेल्या आहेत आणि मनगटापासून वरचा एरवी झाकलेला हात गोरा, तर खालचा हात उन्हापाण्याने रापलेला आहे. निळा पदर कमरेला खोचला आहे. भिंतीला खिळा आहे, जुन्या खिळ्यांची भोके आहेत, खिडकीची एक काच फुटलेली आहे. पिवळ्या चोळीशेजारचा निळा रंग लाजवर्द या मौल्यवान खनिजापासून केलेला आहे. अफगाणिस्तानातील खाणींतून येणारे हे रंगद्रव्य फार महाग असे आणि चित्रकार ते बहुधा मेरीमातेच्या वस्त्रासाठी राखून ठेवत. फेर्मीर यांनी ते मोलकरणीच्या कामाच्या कपड्यांसाठी वापरले.

पारंपरिक प्रतीके येथे अजिबात नाहीत असे नव्हे. जमिनीवर पाय शेकण्याची शेगडी आहे आणि भिंतीच्या पायथ्याच्या एका टाइलवर धनुष्य घेतलेला मदन आहे. मोलकरणीविषयीच्या शृंगारिक कल्पनांना उजाळा देणाऱ्या या खुणा असल्याचे वॉल्टर लीटके या अभ्यासकाने २००९ मध्ये, हे चित्र न्यूयॉर्कला प्रदर्शनासाठी आले असता, सविस्तर मांडले. परंतु या खुणा अगदी कोपऱ्यात आहेत, आणि त्या स्त्रीचे लक्ष दुधाच्या धारेवरून जराही ढळलेले नाही.

२०२२ मध्ये राइक्सम्युझियमने केलेल्या आधुनिक तपासणीत या चित्रातही झाकलेल्या वस्तू स्पष्ट झाल्या. डोक्यामागील भिंतीवर प्रथम सुरया टांगण्याची लाकडी फळी होती आणि उजवीकडे खाली वेताची टोपली होती. अशा टोपलीत निखाऱ्यांचे भांडे ठेवून बाळाची दुपटी वाळवली जात. फेर्मीर यांच्या घरात या दोन्ही वस्तू रोजच्या वापरातल्या होत्या. त्या पुसून त्यांनी तेथे उघडी पांढरी भिंत ठेवली. पसारा गेला आणि काम करणारी व्यक्ती एखाद्या शिल्पासारखी एकटी उभी राहिली.

गल्ली, तराजू आणि लेस

‘लहान रस्ता’ या चित्रात विटांचे जुने घर, उंबऱ्याशी बसून हातकाम करणारी वृद्धा, बोळात पिंपावर वाकलेली मोलकरीण आणि बाकाखाली खेळणारी दोन मुले दिसतात. २०१५ मध्ये कलेतिहासकार फ्रान्स ख्रेइझेनहाउट यांनी करनोंदींच्या आधारे हे स्थळ डेल्फ्टमधील व्लामिंगस्ट्राट या रस्त्यावरचे असल्याचे मत मांडले. तेथे फेर्मीर यांची आत्या आरिआन्टगेन क्लास राहत असे. वैधव्य आल्यावर तिने वजडी विकून पाच मुले वाढवली. हे मत ग्राह्य धरल्यास, चित्रकाराने रंगवलेला उंबरठा कष्टकरी आप्त स्त्रीचा ठरतो.

वॉशिंग्टन येथील ‘तराजू धरलेली स्त्री’ (सुमारे १६६४) या चित्रात गृहिणी दागिने आणि नाणी यांच्यासमोर तराजू तोलत उभी आहे. तिच्या मागील भिंतीवर अंतिम न्यायाचे चित्र आहे. ती सोने किंवा मोती तोलते आहे असे पूर्वी समजले जाई. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता तराजूची दोन्ही पारडी रिकामी असल्याचे आढळले. फेर्मीर यांच्या चित्रांत नैतिक आशय सर्वाधिक उघड झाला तो येथे, आणि तोही निंदेच्या स्वरूपात नाही. घरातील जमाखर्च पाहणारी स्त्री स्वतःच्या मनाचा तोल साधते आहे, असा त्याचा शांत अर्थ लावला जातो.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील ‘लेस विणणारी’ (सुमारे १६६९-७०) हे त्यांचे सर्वांत लहान चित्रांपैकी एक. सुमारे २४ × २१ सेंटिमीटरच्या या चित्रात तरुणी उशीवर वाकून लाकडी रिळांनी लेस विणते आहे. शेजारच्या शिवणाच्या उशीतून तांबडे-पांढरे धागे रंगाच्या ओघळांसारखे बाहेर पडले आहेत. जवळच फितीने बांधलेले छोटे पुस्तक आहे, ते प्रार्थनेचे पुस्तक किंवा बायबल असावे. प्रतीकांचा जाणकार येथे श्रम आणि भक्ती यांची जोड वाचतो. मात्र नजर खिळते ती तिच्या बोटांतील ताणलेल्या दोन धाग्यांवर. चित्रातील तेवढाच भाग अत्यंत रेखीव आहे, भोवतालचे सारे किंचित धूसर आहे. काम करताना डोळ्यांना जे आणि जसे दिसते, तसे ते रंगवले आहे.

‘प्रेमपत्र’ या समकालीन चित्रात याच खुणांचा खेळकर उपयोग आढळतो. दारात झाडू टेकवलेला आहे, सपाता काढून टाकलेल्या आहेत, कपड्यांची टोपली तशीच पडली आहे. वाद्य वाजवणाऱ्या मालकिणीच्या हाती मोलकरणीने पत्र आणून दिले आहे. काम थांबले आहे ते मालकिणीचे, आणि चेहऱ्यावर समंजस स्मित आहे ते मोलकरणीच्या.

टानेके एव्हरपूल

फेर्मीर यांच्या घरी टानेके एव्हरपूल नावाच्या मोलकरीण कामाला होत्या. त्यांचे नाव इतिहासात टिकले ते १६६६ मध्ये नोटरीसमोर दिलेल्या एका साक्षीमुळे. काथारिना यांचा भाऊ विलेम बोल्नेस हा हिंसक स्वभावाचा होता. तो आईला शिवीगाळ करी आणि गरोदर बहिणीवर, दिवस भरत आलेले असतानाही, टोकाला लोखंडी खिळा असलेली काठी घेऊन धावून गेला होता. अशा प्रसंगी टानेके यांनी मध्ये पडून काथारिना यांना वाचवले. मारिया थिन्स यांच्या विनंतीवरून दिलेल्या या साक्षीचा उद्देश विलेमचे वर्तन नोंदवणे हा होता. त्याला पुढे खाजगी सुधारगृहात ठेवण्यात आले.

ज्या मोलकरणींवर साहित्य आणि चित्रकला घर बुडवल्याचा ठपका ठेवत होती, त्यांच्यापैकी एकीने या घरात मालकिणीचे आणि पोटातील बाळाचे प्राण राखले होते. दूध ओतणाऱ्या स्त्रीसाठी टानेके याच समोर उभ्या राहिल्या असाव्यात, असा तर्क अनेकांनी केला आहे. त्यास कागदोपत्री आधार नाही. तथापि मोलकरीण म्हणजे काय हे फेर्मीर यांना छापील प्रतीकग्रंथांतूनच शिकावे लागले नव्हते, एवढे या साक्षीवरून निश्चित म्हणता येते.

आश्रयदाते आणि कामाची पद्धत

फेर्मीर अतिशय सावकाश काम करत. वर्षाला दोन-तीन चित्रे हा त्यांचा वेग असावा. त्यांच्या चित्रांपैकी बरीच डेल्फ्टमधील पीटर व्हान राउव्हेन आणि मारिया द क्नाउट या सधन दांपत्याने घेतली. १६५७ मध्ये व्हान राउव्हेन यांनी फेर्मीर यांना २०० गिल्डर कर्जाऊ दिले होते. १६६५ च्या मृत्युपत्रात मारिया द क्नाउट यांनी फेर्मीर यांना ५०० गिल्डर देण्याची तरतूद केली. अलीकडील संशोधनात या आश्रयामागील पुढाकार द क्नाउट यांचाच असल्याचे मत पुढे आले आहे.

१६६३ मध्ये फ्रेंच प्रवासी बाल्तासार द मोंकोनी फेर्मीर यांना भेटण्यास आले, तेव्हा दाखवण्यासाठी घरात एकही चित्र नव्हते. त्यांना एका पाववाल्याकडे चित्र पाहावे लागले आणि एकाच व्यक्तीच्या त्या चित्राची सांगितलेली किंमत त्यांना अवास्तव वाटली.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

१६७२ मध्ये फ्रान्सने नेदरलँड्सवर आक्रमण केले. डच इतिहासात हे वर्ष अरिष्टाचे वर्ष म्हणून ओळखले जाते. शत्रूला रोखण्यासाठी बांध फोडून जमिनी पाण्याखाली घालण्यात आल्या, त्यात मारिया थिन्स यांच्या शेतजमिनींचे उत्पन्न बुडाले. चित्रांचा बाजार कोसळला. स्वतःची चित्रे विकली जाईनात आणि व्यापारासाठी घेतलेली इतरांची चित्रे तोट्यात गेली. जुलै १६७५ मध्ये फेर्मीर यांनी ॲमस्टरडॅममध्ये १००० गिल्डरचे कर्ज काढले.

डिसेंबर १६७५ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. मागे पत्नी आणि अकरा मुले होती, त्यांपैकी दहा अज्ञान होती. कर्जाच्या चिंतेने खचून जाऊन दीड दिवसात धडधाकट माणूस मृत्यू पावला, असे काथारिना यांनी पुढे अधिकाऱ्यांना कळवले.

विधवा काथारिना

घरकामाला सद्गुण मानणाऱ्या समाजात ते काम करणाऱ्या स्त्रीच्या हाती प्रत्यक्ष काय उरत असे, याचे चित्र फेर्मीर यांच्या मृत्यूनंतरच्या कागदपत्रांत दिसते. पाववाले हेन्ड्रिक व्हान बाउटेन यांची थकबाकी ६१७ गिल्डरांवर गेली होती. जानेवारी १६७६ मध्ये काथारिना यांनी त्याबदली दोन चित्रे त्यांच्या स्वाधीन केली. त्यांतील एकात दोन व्यक्ती असून एक पत्र लिहीत होती. रक्कम फेडल्यास चित्रे परत मिळावीत, अशी अट त्यांनी घालून घेतली. फेब्रुवारीत ‘चित्रकला’ हे पतीचे आवडते चित्र त्यांनी आईच्या नावे केले, जेणेकरून ते सावकारांच्या हाती पडू नये.

२९ फेब्रुवारी १६७६ रोजी घरातील वस्तूंची यादी करण्यात आली. स्वयंपाकाची खोली, धुण्याची खोली, बिछाने, चादरी, मुलांचे कपडे अशा नोंदींबरोबर पांढऱ्या फरच्या किनारीचे पिवळे साटीनचे जाकीटही तीत आहे. अनेक चित्रांतील स्त्रियांच्या अंगावर हेच जाकीट दिसते. वरच्या पुढील खोलीत दोन चित्रफलक-घोडे, तीन रंगपाट्या आणि दहा कॅनव्हास होते. एप्रिल १६७६ मध्ये काथारिना यांनी न्यायालयाकडे कर्जातून सवलत मागितली. मालमत्तेचा विश्वस्त म्हणून शहर प्रशासनाने अंतोनी व्हान लेवेनहूक यांची नेमणूक केली. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने जीवसृष्टीचे संशोधन करणारे ते हेच शास्त्रज्ञ. मारिया थिन्स १६८० मध्ये आणि काथारिना १६८७ च्या अखेरीस निवर्तल्या.

विस्मृती आणि पुनर्शोध

१६ मे १६९६ रोजी ॲमस्टरडॅममध्ये व्हान राउव्हेन यांच्या जावयाकडील संग्रहाचा लिलाव झाला. त्यात फेर्मीर यांची २१ चित्रे होती. डेल्फ्ट शहराच्या दृश्याला सर्वाधिक २०० गिल्डर मिळाले. त्याखालोखाल १७५ गिल्डर दूध ओतणाऱ्या स्त्रीला, तर १५५ गिल्डर तराजू धरलेल्या स्त्रीला आले. निजलेल्या मोलकरणीला ६२ आणि लेस विणणारीला केवळ २८ गिल्डर मिळाले.

पुढील दीड शतक फेर्मीर यांचे नाव डेल्फ्टबाहेर फारसे कोणी घेत नव्हते आणि त्यांची काही चित्रे इतर चित्रकारांच्या नावे विकली गेली. १८६६ मध्ये फ्रेंच समीक्षक तेओफील तोरे यांनी त्यांच्यावर दीर्घ लेखमाला लिहून त्यांना पुन्हा प्रकाशात आणले. लूव्रने १८७० मध्ये ‘लेस विणणारी’ विकत घेतले. ‘दूध ओतणारी स्त्री’ १९०८ मध्ये राइक्सम्युझियममध्ये आले. त्या खरेदीसाठी सरकारी पैसा खर्च करावा की नाही यावर नेदरलँड्समध्ये मोठा वाद झाला होता.

अर्थनिर्णयाचा वाद

डच घरगुती चित्रांचा अर्थ कसा लावावा, यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीव्र मतभेद झाले. एडी द योंग यांनी प्रतीकग्रंथांच्या आधारे या चित्रांमागील नैतिक शिकवण उलगडली. १९७६ मध्ये राइक्सम्युझियममध्ये भरलेल्या प्रदर्शनाने हे मत दूरवर पोचवले. याउलट स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात डच कलेचे बळ दडलेल्या उपदेशात नसून दृश्य जगाच्या वर्णनात आहे, असे प्रतिपादन केले. सायमन शामा यांनी १९८७ मध्ये डच स्वच्छतेच्या ध्यासाचा संबंध राष्ट्रीय आणि धार्मिक अस्मितेशी जोडला. वेन फ्रानिट्स यांनी १९९३ मध्ये सद्गुणी गृहिणीच्या प्रतिमेचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला.

फेर्मीर यांची चित्रे या दोन्ही भूमिकांची कसोटी पाहणारी आहेत. मदनाची टाइल, शेगडी, न्यायाचे चित्र आणि प्रार्थनेचे पुस्तक यांकडे दुर्लक्ष केले तर चित्रकाराने विचारपूर्वक ठेवलेल्या वस्तू निरर्थक ठरतात. केवळ त्यांचाच कोश उघडून बसले, तर त्याने पुसून टाकलेला पुरुष, कुत्रा, फळी आणि टोपली यांचा अर्थ हातून निसटतो. ठेवलेल्या आणि काढलेल्या वस्तू एकत्र पाहिल्या म्हणजे त्यांची दिशा कळते: घरकाम हे कोणत्यातरी सद्गुणाचे चिन्ह म्हणून नव्हे, तर स्वतःच लक्ष देण्याजोगे मानवी कर्म म्हणून त्यांनी रंगवले.

वारसा

२०२३ मध्ये राइक्सम्युझियमने फेर्मीर यांच्या २८ चित्रांचे प्रदर्शन भरवले. एवढी चित्रे एका छताखाली येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. सुमारे साडेसहा लाख लोकांनी ते पाहिले. डेल्फ्टमध्ये त्यांचे राहते घर आज उभे नाही. जुन्या चर्चमध्ये त्यांचे स्मृतिशिल्प आहे. दूध ओतणारी स्त्री मात्र नेदरलँड्समध्ये दुकानांच्या पाट्यांपासून दुधाच्या पदार्थांच्या वेष्टनांपर्यंत सर्वत्र दिसते. ज्या काळात तिच्यासारख्या स्त्रिया चित्रांत बहुधा दोष दाखवण्यासाठी येत, त्या काळात एका चित्रकाराने तिला सर्वांत मौल्यवान रंग दिला आणि तिच्या कामात व्यत्यय येऊ दिला नाही.